पोराचा का पोरीचा?

मंगळवारी दुपारी रिसोडच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने नववीतल्या एका मुलीच्या फोनमधला गाड्यांच्या शर्यतीचा गेम काढला आणि नवरी सजवायचा टाकला. तसे त्याला कोणी सांगितले नव्हते.

माझा फोनही तोच दुरुस्त करतो. काम नेटके असते. फोन हाती आला की तो काचेवर फुंकर मारतो आणि विचारतो, "पोराचा का पोरीचा?" उत्तरावरून गेम ठरतो.

मुलगी म्हणाली, "काका, दोन वर्सापासून खेळून राह्यली मी. साऱ्या लेव्हल गेल्या. काहून काढला?"

"तुले कोठं गाडी चालवाची हाय? हे शीक, कामी येईन."

बाकावरची माणसे हसली. मुलीने सोबत आलेल्या वडिलांकडे पाहिले. त्यांनी नवरीचा गेम उघडून बघितला.

"बरं केलं, भाऊ," ते म्हणाले.

मुलीने फोन घेतला नाही.