पेन्सिलीचा दोरा

नोकरीसाठी मी दौंडला निघालो, तेव्हा शिरूरच्या एस.टी. स्टँडवर मला सोडायला आपा एकटीच आली होती. बाजारचा दिवस, त्यामुळं अब्बांना बांगड्यांचं दुकान सोडता येईना. आणि अम्मीचं डावं अंग लुळं पडून तेव्हा आठ महिने झाले होते. आपा म्हणजे माझी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी थोरली. माझी ट्रंक टपावर चढवणाऱ्या हमालाशी तिनं हुज्जत घातली, "आडवी टाकू नगा, आत दौत हाय," आणि मग खिडकीतून माझ्या हातात एक लाल-निळी पेन्सिल दिली. दोन्ही टोकं तासलेली. "अडलास की मागं जा," एवढंच म्हणाली. गाडी सुटली. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही.

दौंड काही परमुलूख नव्हे, शेजारचाच तालुका. पण तेव्हा सरळ रस्ता धड नव्हता. एस.टी.नं पुणं गाठायचं आणि तिथून पॅसेंजरनं यवत, केडगाव, पाटस करत दौंडात उतरायचं. दिवस मोडायचा. पुढं घरी न जाण्यासाठी मी हेच कारण कितीतरी वर्षं वापरलं.

पेन्सिलीचं सांगायला हवं. आमच्या वेळी इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं. शब्द पाठ व्हायचे, स्पेलिंगं यायची, पण धडा वाचायला घेतला की he, she, it, they ही मंडळी कुणाकुणाच्या जागी उभी आहेत तेच कळायचं नाही. एका धड्यात आजोबा होते आणि चोर होता. आता आजोबांना आपण ‘तो’ म्हणतो का? म्हणून मी जेवढे he आले तेवढे सगळे चोराला देऊन टाकले. उभं राहून अर्थ सांगितला, तेव्हा चोरानंच आरडाओरडा केला, चोरानंच शेजारी गोळा केले आणि चोरानंच चोराला दोरीनं बांधलं. मास्तरांनी विचारलं, "अरे, मग आजोबा काय करत होते?"

"बसले होते सर."

वर्ग महिनाभर मला ‘आजोबा’ म्हणत होता.

घरी आम्ही आमची दखनी बोलायचो, पण अभ्यासाचं बोलणं मराठीत, कारण शाळा मराठी. आपा सातवी होऊन घरी बसलेली. इंग्रजी तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझीच पुस्तकं ती मी झोपलो की, शाळेत गेलो की वाचायची. आजोबांची हकिकत ऐकून पोट धरून हसली आणि म्हणाली, "बापाला बी he आन् चोराला बी he. इंग्रजीत समदी एकाच सतरंजीवर बसत्यात. मान बघून वळखू नगंस, माग काढ."

दुकानात बांगड्या डझनाडझनानं दोऱ्यात ओवलेल्या असत. दोऱ्याचं टोक धरून मागं गेलं की मापाची चिठ्ठी सापडायची. आपानं तेच पुस्तकात केलं. he दिसला की त्याच्यापासून पेन्सिलीची रेघ काढत मागं जायचं, ज्याच्या जागी तो आलाय त्या नावाला नेऊन बांधायचं. माणसाला लाल रेघ, वस्तूला निळी. नाव सापडलं की ते he च्या जागी घालून वाक्य पुन्हा वाचायचं. जुळलं तर खरं, नाहीतर दोरा सोडून परत मागं. this भेटला की ती म्हणायची, "ह्याला जपून. ह्यो कवाकवा एका नावाला नसतोय, मागच्या आख्ख्या वाक्याला असतोय." मग त्या वाक्याभोवती गोल. माझ्या पुस्तकाची पानं बघून अब्बा विचारायचे, "पुस्तकाला टाकं घालताय व्हय रं?"

त्या टाक्यांवर मी मॅट्रिक झालो आणि रेल्वेच्या मालधक्क्याच्या ऑफिसात कारकून लागलो. आपानं कुठलीच परीक्षा दिली नाही. माझ्यापेक्षा ती भरभर वाचायची.

दौंडानं मला पटकन आपलंसं केलं. ड्यूटी, क्वार्टर, पास, रिलीव्हर हे शब्द तोंडात बसले. रेल्वेच्या खलाशी-मजुरांशी हिंदी, साहेबाशी इंग्रजी. कागदांतून सतत the same, the said, the above असायचं. बाकीचे डोकं खाजवायचे, मी मनातल्या मनात दोरा टाकून मागं जायचो आणि कुठल्या वॅगनबद्दल चाललंय ते सांगायचो. हेडक्लार्क म्हणायचे, "तुला बरोबर सापडतं रे." वर्षभरात मी दौंडाला ‘आमच्याकडे’ आणि शिरूरला ‘तिकडं’ म्हणू लागलो. कधीपासून, ते आठवत नाही.

तिसऱ्या वर्षी माझ्या पत्त्यावर आपासाठी पत्र आलं. एका मिशनच्या इस्पितळात नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिनं स्वतःच्या हातानं, इंग्रजीत अर्ज केला होता. टपाल नीट मिळतं म्हणून पत्ता माझा दिला होता. तिथल्या गोऱ्या मेट्रननं लिहिलं होतं की अर्ज आवडला, जागा देतो, फक्त वडिलांनी किंवा भावानं संमती लिहून पाठवावी.

मी शिरूरला गेलो. आपा नदीवर गेली होती. अब्बा एका बाईच्या हातात बांगडी चढवत होते. मी सांगितलं. त्यांनी वर न बघता म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? तू शिकल्याला. तू लिवशील त्ये खरं." मग ती बाई गेल्यावर हळूच म्हणाले, "पर हिकडं तुज्या अम्मीला कुणी बघायचं, त्ये बी लिव त्यात."

ते काय म्हणत होते ते मला नीट कळलं. आपा गेली तर मला परत यावं लागणार होतं. नोकरी कायम होण्याची माझी ऑर्डर महिन्या-दोन महिन्यांत निघणार होती.

आपा येण्याच्या आत मी परतीची एस.टी. धरली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ऑफिसात बसून मेट्रनला इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. माझी बहीण आपली आभारी आहे. घर सोडण्याची तिची इच्छा नाही. हा निर्णय तिचा स्वतःचा आहे. लिहिताना खाली कार्बन घातला होता. नकलेशिवाय कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही हाताला लागलेली सवय. पाकीट पेटीत टाकलं आणि डबा खाल्ला. वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काहीच वाटलं नाही.

पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा आपा अम्मीचे केस विंचरत होती. मी म्हटलं, "जागा भरल्या म्हणे."

"बरं. पत्र कुठंय?"

"ऑफिसात राहिलं."

"बरं," ती म्हणाली, आणि वेणी घालायला लागली.

माझी ऑर्डर निघाली. लग्न झालं. आपाचं लग्न अम्मीच्या अंथरुणापायी मागं पडत गेलं आणि मग त्याबद्दल कुणी बोलेनासं झालं. सहा वर्षांनी अम्मी गेली. त्यानंतर आपा पहिल्यांदाच दौंडला माझ्या क्वार्टरवर आली. बायको बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, घराची कळा बघून आपानं पदर खोचला. मी ड्यूटीवरून दुपारी आलो तेव्हा सामान अंगणात उन्हात घातलं होतं. त्यात ती ट्रंकही होती. तिनंच टपावर चढवून घेतलेली.

टेबलावर ट्रंकेच्या तळातून निघालेलं मेट्रनचं पत्र होतं आणि माझी कार्बनची नक्कल होती. शेजारी लाल-निळी पेन्सिल, बोटाएवढी उरलेली.

She या शब्दापासून लाल रेघ मागं गेली होती, my sister पर्यंत. तिथं नाव नव्हतं. मी ते लिहिलंच नव्हतं. मग my पासून दुसरी लाल रेघ निघाली होती, ती कागदाच्या कडेनं खाली उतरत माझ्या सहीला येऊन बांधली होती. शेवटच्या वाक्यातल्या this पासूनही रेघ गेली होती. इच्छा नाही, या आख्ख्या वाक्याभोवती गोल होता, आणि त्या गोलातूनही एक दोरा सहीकडंच आला होता.

आपा आतून चहा घेऊन आली. "समद्या कागदांची कॉपी ठिवतोस व्हय रं अजून?"

"हो."

"बरं. चा घे, गार व्हतोय."

त्या दुपारी मला बोलता आलं असतं. मी चहा बशीत ओतला आणि प्यालो. संध्याकाळच्या पॅसेंजरनं ती परत गेली. स्टेशनवर तिनं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्याचं सांगितलं.

आता अब्बाही नाहीत. दुकान आपाच चालवते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मोहल्ल्यातल्या दोन-तीन मुली पायरीवर इंग्रजीची पुस्तकं घेऊन बसतात आणि त्यांच्या पानांवर लाल-निळ्या रेघा असतात, हे मी पाहिलंय. मी जातो, चहा घेतो, येतो. आमच्यात भांडण नाही. असतं तर बरं झालं असतं.

माझ्यासारखेच जे गाव सोडून गेले त्यांना, आणि जे मागं राहिले त्यांना एकच सांगायचं आहे. इथं आणि तिथं या शब्दांनाही मागं कुणाचं तरी नाव लागतं. दौंडच्या क्वार्टरला मी ‘इथं’ म्हणतो, पण त्याचा दोरा धरून मागं गेलो की तो या भिंतींशी थांबत नाही. मला इथं राहता यावं म्हणून जिला तिथं राहावं लागलं, तिच्यापाशी जातो. घर म्हणून माझ्याकडं तेवढंच टोक आहे.

हा कागद मी आधी तिला पाठवणार आहे. नक्कल ठेवलेली नाही. त्या पत्रात जे लिहिलं नाही ते इथं लिहितो. माझ्या बहिणीचं नाव जमिला. तिला जायचं होतं.