अजून सापडलं न्हाई

आमच्या रेकॉर्ड रूममधले मामा नुसतं ‘नाही’ कधी म्हणत नसत. कुठलाही जुना केसपेपर मागा, हाती लागेपर्यंत त्यांचं उत्तर ठरलेलं: “अजून सापडलं न्हाई.” सिस्टर त्यांना चिडवायच्या, “मामा, चहात साखर न्हाई काय?”

“अजून सापडली न्हाई, ताई,” मामा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे.

जालन्याच्या टोकाला असलेल्या त्या सरकारी दवाखान्यात मी जुनी रेकॉर्डं कॉम्प्युटरवर चढवायला लागले, तेव्हा ते मला ‘म्याडम’ म्हणत. इंग्रजी शाळेतली मी, जेमतेम बोलायची. खिडकीपाशी कुणी आलं की मान खाली घालून टाइप करत राहायची. मामांनी कधी हटकलं नाही. ते शिडीवर चढून लाल कापडातले गठ्ठे सोडत, झटकत, पुन्हा बांधत. गठ्ठे गावांप्रमाणे लावलेले. बायकांचे मात्र माहेरच्या गावात. “पहिलं बाळंतपण माहेरी व्हतं ना,” एवढंच कारण त्यांनी दिलं होतं. मला ती पद्धत जुनाट वाटायची.

एका दुपारी शहागडहून एक गरोदर बाई आणली. झटके येत होते, शुद्ध नव्हती. सिस्टर धावत आल्या. “वैष्णवी नाव आहे. आधीचा पेपर आहे का?”

मी नाव टाकलं, नवऱ्याचं टाकलं, शहागड टाकलं. स्क्रीन कोरी.

“नाही,” मी म्हणाले. “नवीन पेशंट आहे.”

सिस्टर वळून गेल्यासुद्धा. मामा शिडीवरून जवळजवळ पडतच उतरले. “न्हाई कशावरून?” एवढं ओरडून ते खिडकीतून वाकले. बाहेर तिचा नवरा भिंतीला टेकून उभा होता.

“हिचं माहेर कुठलं?”

“पिंपळगाव रेणुकाई.”

“तिथलं नाव काय?”

“मंदा व्हतं. लग्नात आम्ही बदललं. पहिलं पोरगं हितंच झाल्तं, मी कामावर व्हतो; माहेरच्यांनी जुनंच नाव सांगितलं आसंल.”

लग्नात नाव बदलतात हे मला ठाऊक होतं, पण आठवलं नव्हतं. मामांनी पिंपळगावचा गठ्ठा जमिनीवर सोडला. कागद पसरत होते. मी नुसती उभी. मग त्यांनी एक पेपर माझ्या हातात कोंबला. वर लाल शाईत एका इंजेक्शनचं नाव आणि खाली: दिल्यावर श्वास अडकला, पुन्हा देऊ नये.

“पळ पोरी! जल्दी!”

लेबर रूमपर्यंतचा तो व्हरांडा मला अजून स्वप्नात दिसतो, आणि स्वप्नात तो संपत नाही. आत सिस्टरनी तेच इंजेक्शन भरून हातात धरलं होतं. डॉक्टरांनी पेपर वाचला आणि सिस्टरचा हात बाजूला केला.

आई आणि मूल दोघं वाचली. मी परत येऊन पिंपळगावचा गठ्ठा बांधायला घेतला, तर गाठच बसेना. मामांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. “भ्याव वाटतंय ना? बराबर हाय. ज्या दिवशी वाटणार न्हाई, त्या दिवशी ही खिडकी सोडायची.”

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी धीर करून विचारलं, “मामा, तुम्ही कधीच कुणाला ‘नाही’ म्हणाला नाहीत?”

ते रेकॉर्ड रूमची चावी चोळत राहिले. “एकदा म्हणालो व्हतो. पेपर सापडला, पर उशिरा,” म्हणाले, आणि चावी माझ्या हातात दिली.

आता त्या खिडकीत मी बसते. स्क्रीन कोरी आली की अजूनही भीती वाटते. मी मान वर करते आणि विचारते, “ताईंचं माहेर कुठलं?”