सुनेचं ‘च्च’

डॉक्टर म्हणाले, “टुरेट सिंड्रोम,” आणि माझ्या मनात पहिलं आलं ते दीपालीच्या बापाचं नाव. लग्न जमवताना यातलं काही बोलला नव्हता तो.

दीपाली माझी सून. लग्न होऊन पळसदरीला आली तेव्हापासून मला ‘च्च’ करायची. आमटीत मीठ आहे का विचारलं, च्च. भाचीचं लग्न ठरलं सांगितलं, तरी च्च. शिवाय खांदा उडवायची, डोळे मिचकावायची. आपल्याकडे ‘च्च’ म्हणजे एकतर नाही, नाहीतर अरेरे. तिसरा अर्थ मला ठाऊक नव्हता. काही खोट निघाली तर हिला माहेरी पोचवायची, असं मुलाला बजावूनच मी त्यांच्याबरोबर कर्जतच्या दवाखान्यात आले होते.

डॉक्टरांनी ना रक्त घेतलं, ना फोटो काढला. नुसत्या गप्पांवरून आजार कसा कळतो? मला तेही गौडबंगालच वाटलं.

ते म्हणाले, “याला टिक्स म्हणतात. मनात नसताना होणारी हालचाल, निघणारा आवाज. लहानपणापासून दोन्ही असतील आणि वर्षाहून जास्त टिकले, तर टुरेट. हे वेड नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. नव्या घरात ताणानं वाढलंय.”

“मग पाहुण्यांसमोर बरी गप्प बसते?” मी विचारलं. मला वाटलं, आता पकडलं.

“मावशी, शिंक किती वेळ दाबता येते?”

तेव्हा दीपाली खाली मान घालून बोलली, “मंग मी मोरीत जाते, आई. नळ सोडते नि करून घेते. नायतर छातीत कोंडतं.”

त्या नळावरून मी किती बडबडले होते. मला वाटायचं, पाण्याच्या आवाजाआड ही माहेरी फोनवर माझ्या चुगल्या करते. तिच्या घरचेही याला खोडच समजत आले होते. मला फार वाईट वाटलं.

गोळ्या लगेच दिल्या नाहीत. उबळ आली की ती रोखणारी दुसरी हालचाल कशी करायची, ते शिकवतायत. कमी झालंय, गेलेलं नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर खुशाल संशय घ्या, पण आजाराचा घ्या, माणसाचा नको.

परवा शेजारीण चहाला आली. थोड्या वेळानं दीपाली उठून मोरीकडे निघाली.

“बस गं हितंच,” मी म्हणाले. “पानी कशाला फुकट घालवतेस?”