डाव्या हाताचा वार

दर रविवारी दुपारी मी बारामतीहून एसटीनं इंदापूरला जायचो. शाळेपासूनच्या मित्राच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं आम्ही चौघं एक खेळ खेळायचो. प्रत्येकाचा मनानं रचलेला एक वीर. मित्र गोष्ट सांगत आमच्या अंगावर राक्षस सोडणार, आणि वार लागला की हुकला हे फासे ठरवणार. चाळिशी ओलांडलेला मास्तर असलं काही खेळतो म्हणून घरी हसायचे. हसू देत.

माझा वीर तीन वर्षांचा. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. सगळ्यांच्या पुढं उभं राहून मार खायचं त्याचं काम. टाळ्या त्याला कधी पडल्या नाहीत, पण मित्राला माझी किंमत होती आणि मला तेवढं पुरत होतं.

मग लासुर्ण्याचा एक ऊसवाला गडी खेळायला येऊ लागला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मला दोन तलवारी द्या. ढाल धरून काय करू?" दोन हत्यारं म्हणजे दर पाळीला दोन वार. आम्ही एकदा फासा टाकून गप्प बसायचो; हा ओरडायचा, "थांबा, डावा ऱ्हायलाय आजून!" आणि मित्र चहा विसरून बघत बसायचा. माझ्या पाळीला त्याचा चहा कधी गार झाला नव्हता. जळलो मी, सरळ सांगतो. त्यात गडी स्वभावानं सोन्यासारखा. नावं ठेवायलाही जागा ठेवली नव्हती पठ्ठ्यानं.

ती जागा मी शोधून काढली. तपासायचे पेपर बाजूला सारून नियमांचं पुस्तक वाचत बसलो आणि सापडलं. डाव्या हाताचा वार लागला, तर त्यात दंडाच्या ताकदीचा आकडा मिळवायचा नसतो. हा सहा महिने दर वेळी तीन मिळवत होता. पुढच्या रविवारी मी ते पान सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.

"आरं, खेळ हाय ह्यो," मित्र म्हणाला.

"नियम म्हणजे नियम."

त्या गड्यानं कान धरला. "चुकलंच माझं, सर."

तासाभरानं एका पुलावर माझा वीर आडवा पडला, छातीवर राक्षसाचा पाय. राक्षसाची पाळी आली की मी संपलो. राक्षसात जीव उरला होता फक्त तीनचा. लासुर्णेकराचा उजवा वार हुकला. डावा लागला. किती लागला ते बघायला त्यानं फासा टाकला, तर पडले दोन. वरचे तीन धरले असते तर राक्षस तिथंच मेला असता.

मित्रानं माझ्याकडं बघितलं. "तू म्हण, तीन धरतो."

"घ्या की सर, येवढ्या येळंला," तो गडीही म्हणाला.

मला वाचायचं होतं. तीन वर्षं जपलेला वीर होता तो. पण ह्याच्या हातून वाचायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

राक्षसानं मला चिरडलं. पुढच्या पाळीला त्या गड्यानं राक्षसाला लोळवलं, आणि मग म्हणाला, "मी दोनी तलवारी हितंच टाकतो. सरांना उचलून न्यायला दोनी हात लागत्याल."

मित्राच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "लेका, जिंकलास," असं म्हणून त्यानं गड्याच्या पाठीवर थाप मारली.

मेलो होतो मी.