चिकटपट्टीवाला साडू

परभणी जिल्ह्यातल्या तमाम जनतेला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की माझा साडू सुट्टीवर आला असून त्याच्या खिशात चिकटपट्टी आहे. ज्यांनी घराला नुकताच रंग दिला असेल त्यांनी भिंतीला पाठ लावून उभं राहावं.

हा गृहस्थ पुण्यात चष्म्याच्या काचांवर लेप चढवण्याच्या कारखान्यात आहे, आणि जगात जे काही कशावर तरी चढवलेलं आहे ते टिकणारं नाही, असा त्याला कायमचा संशय आहे. कारखान्यात लेपावर चिकटपट्टी दाबायची आणि फर्रकन ओढायची. लेप सुटला नाही तर काच पास. ही सवय इतकी जडली, की पाथरीला आमच्या वास्तुशांतीत, सत्यनारायणाची कथा चालू असताना, त्याने बैठकीची भिंत तपासली. तळहाताएवढा पोपटी रंग पट्टीवर आला. तो मला दाखवत अगदी हळहळून म्हणाला, "भाऊ, ह्यानं धरलंच न्हाई बगा."

त्याचं काम काय, असं चुकून विचारलं की पानातलं जेवण थंड होतं. हवा काढून घेतलेल्या पेटीत पूड तापवून तिची वाफ काचेवर बसवायची. पण नुसती बसलेली वाफ भुसभुशीत, म्हणून वरून आयनांचा, म्हणजे विजेने भारलेल्या कणांचा मारा. "आपल्या बाया मातीची जमीन चोपणीनं चोपत्यात ना, तसं. चोपलं की घट्ट." एवढं करून स्वतःच्या कामाला त्याने कधी पास म्हटलेलं नाही. "आज टिकलं. उद्याचं उद्या बगू."

बोरीला राहणारी त्याची आई मात्र गावभर सांगायची, "लेकरू पुण्यात काचा पुसायलंय." हे त्याला फार लागायचं. म्हणून गेल्या वर्षी तिच्या चष्म्याच्या काचांवर त्याने स्वतः लेप चढवला, मऊ फडकं दिलं, आणि दुसरं काही लावू नको अशी शपथ घातली.

परवा आम्ही दोघं बोरीला गेलो. माय अंगणात भांडी घासत होती. तवा झाला, तांब्या झाला, मग तिने डोळ्यांवरचा चष्मा उतरवला आणि राखेत बुडवलेल्या काथ्याने काचा घासायला घेतल्या. साडू उंबऱ्यावरच बसला.

"माय, राखंनं?"

"मग कशानं? वर्ष झालं रोज घासायलेय," ती वैतागली. "उजेडात धरलं की जांभळा डाग दिसतोय, त्यो काय निघंना."

त्याने चष्मा धुऊन उन्हात तिरपा धरला. जांभळी झाक कडेपासून कडेपर्यंत, जशीच्या तशी. तो डाग म्हणजेच आपला लेप, हे तिला समजावण्याचं भान त्याला राहिलं नाही. चिकटपट्टीकडे हातही गेला नाही. मायजवळच्या ओल्या दगडावर तो उकिडवा बसला आणि शाळेतून पळत आल्यासारखा बोलून गेला,

"माय, पास झालो."