निशाणाचा थांबा

आमच्या गावाला रेल्वे नव्हती, पण थांबा होता. दाभोळहून भरतीबरोबर चिपळूणकडे जाणारी लाँच आमच्यासमोर खाडीत थांबायची, तीही काठावरच्या बांबूवर तांबडं निशाण दिसलं तरच. प्रवासी आला की होडीवाला निशाण चढवी आणि त्याला वल्हवत नेऊन मधल्या पाण्यात लाँचवर चढवी. पन्नासच्या दशकात मी तिथे शाळामास्तर होतो. आज तिथे चिऱ्याच्या दोन पायऱ्या आणि चिखल एवढंच आहे. थांबा का बंद पडला असं विचारलं की लोक एसटीचं नाव घेतात. मीही इतकी वर्षं तेच सांगत आलो.

वर डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरून एसटी सुरू झाली आणि गावानं खाडीकडे पाठ फिरवली. लाँचला उरली एकटी माझी आई. तिचे गुडघे धरलेले, सड्यावर जाणारी पाखाडीची दगडी पायवाट चढणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. दर पंधरवड्याला चिपळूणच्या डॉक्टरांकडे जायचं तर तिला लाँचशिवाय गत्यंतर नव्हतं.

माझा स्वभाव मुळात संशयी. शाळेतला खडू कमी भरला तरी मी पोरांचे खिसे चाचपायचो. अशा माणसाच्या नजरेतून होडीवाला सुटतो कसा? आई जायची नसे त्या दिवशीही निशाण चढलेलं दिसायचं. होडीत दुसरं कोणी नाही, वल्ह्यावर त्याची बायको, आणि हा गडी रिकाम्या हातानं लाँचवर चढायचा. तिसऱ्या प्रहरी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून काठाकाठानं पायी परत यायचा. दारूबंदीचे दिवस होते. मी काय समजायचं ते समजलो. एकदा मुद्दाम आडवा गेलो.

"काय रे, कुठे गेला होतास?"

"हितंच, फुडच्या थांब्याव."

"कशाला?"

"काम होता," म्हणाला, आणि नजर चुकवून निघून गेला.

त्या नजर चुकवण्यानं माझी खात्री पटली. मी लाँचच्या चिपळूणच्या कचेरीला पत्र लिहिलं. सही केली नाही. शहाणपण तेवढंच सुचलं. अक्षर मात्र नेहमीचंच, वळणदार. पत्रातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं, म्हणून अजून पाठ आहे: 'या थांब्यावर दुसरे कोणीही चढत नसता हा एकटा इसम वारंवार कोठे जातो, याची चौकशी व्हावी.'

चौकशी झाली. आठवड्याभरात थांबा बंद झाला.

बातमी ऐकून आई म्हणाली, "मेल्यांनी त्याची मेहनत फुकट घालवली रे! थांब्यावर कोणी चढत नाही असं दिसलं की बंद करतील, म्हणून तो बापडा पदरचं तिकीट काढून स्वतःच पुढच्या थांब्यापर्यंत जायचा आणि चालत यायचा. तुला सांगू नको म्हणाला होता. मास्तरांना नियमाबाहेरचं खपत नाही म्हणे. आता कोणीतरी निनावी पत्र धाडलंन. कोण असेल रे?"

मी म्हणालो, "असेल कोणीतरी." मला स्वतःची किळस आली, पण तोंडातून खरं निघालं नाही ते नाहीच.

पुढच्या पंधरवड्याला आईला डोलीत घालून पाखाडीनं सड्यावर नेलं. पुढचा दांडा होडीवाल्याच्या खांद्यावर होता. वर पोचल्यावर घाम पुसत तो मला म्हणाला, "मास्तर, थांबा पुन्ना चालू करा म्हनून येक अर्ज लिवून द्या. आयेला असा किती दिस न्यायचा?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो आला. मी कागद घेतला आणि अर्ज लिहायला लागलो. पहिलं पत्र त्याच कचेरीत होतं, म्हणून अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढत होतो. तो शेजारी उभा राहून बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं.

मग तो म्हणाला, "मास्तर, तुमचा अक्षर तर लय बेस हाय म्हनतात."