मुन्सफसाहेबांची उधारी

कोर्टात नोकरी केलेल्या माणसाजवळ किस्से फार जमतात. खटले विसरले जातात, पण कोणते साहेब कोणाकडून काय घेत होते, हे म्हातारपणीही पाठ असते. आमी जुने लोक कधी भेटलो, की गप्पा कुठूनही निघोत, एका मुन्सफसाहेबावर येऊन थांबतात.

आमचा जिल्हा अजून आंध्र प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. मी तालुक्याच्या कोर्टात टायपिस्ट होतो. गाव भीमपूरकडचं. घरात मराठी, कोर्टात तेलुगू अन् इंग्रजी. आमच्या वर शिरस्तेदार, म्हणजे हेडक्लार्क, माधवराव. उर्दू शाळेत शिकलेले, कागदात मुरलेले, अन् माणसावर सहसा विश्वास न ठेवणारे.

नवे मुन्सफ, म्हणजे तालुक्याचे न्यायाधीश, समुद्रकिनाऱ्याकडचे तेलुगू. लॉरीतून त्यांचं सामान उतरत होतं अन् आमी व्हरांड्यात उभे राहून मोजत होतो. दोन ट्रंका, एक खाट, शिलाई मशीन, पुस्तकांची पोती.

मी म्हटलं, "साहेब गरीब दिसून राह्यले."

माधवराव म्हणाले, "येतानाचं सामान काय पाहता? जातानाचं पाहा."

*

साहेबांनी राजन्नाच्या दुकानात किराण्याचं खातं उघडलं अन् गावभर बातमी झाली. आधीच्या साहेबांना खातं लागतच नव्हतं, तांदळाचं पोतं आपोआप बंगल्यावर जायचं. हे साहेब मात्र तेल, डाळ, सगळं लिहून नेत अन् पगार झाला की अर्धेच पैसे देत.

राजन्ना माझ्याजवळ रडगाणं घेऊन आला. "मुन्सफाले पैसे कसे मागू? उद्या माहीच केस त्याच्यापुढे आली तर?"

"मंग उधार देऊ नको."

"नाही कसं म्हणू? उद्या माहीच केस त्याच्यापुढे आली तर?"

माधवरावांचं म्हणणं, ही उधारी दिखाव्याची आहे, खरी रक्कम गावाकडे जमा होत असणार. माझी बायको म्हणे, "बाईसाहेबाच्या साड्या पाह्यल्या का कधी? तीनच हायेत." मला दोघांचंही पटायचं.

*

साहेबांना दरवर्षी मालमत्तेचं स्टेटमेंट वर पाठवावं लागे. त्या वर्षी ते मी टाईप केलं. मालमत्ता दोन ओळींत संपली. कर्जाला रकाना पुरला नाही, वेगळा कागद जोडावा लागला. बहिणीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, सोसायटीचं कर्ज. लिफाफा माझ्यासमोर सीलबंद झाला.

संध्याकाळी चहाच्या हॉटेलात मी फक्त एकाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एक वकील मला हळूच विचारत होते, "काहो, ऑपरेशन कशाचं होतं?"

*

हे वकील एका जिनिंग मिलवाल्याचे. मिलवाल्याचा दावा साहेबांपुढेच चालू होता. वकिलांनी गुपचूप जाऊन राजन्नाकडचं साहेबांचं सगळं खातं चुकतं केलं. बाईसाहेब साबण आणायला गेल्या, तर राजन्ना म्हणाला, "अम्मा, तुमचं काहीच बाकी नाही."

अर्ध्या तासात साहेब पायी दुकानात हजर. वहीतल्या खोडलेल्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "परत लिही. सगळं." राजन्नानं घाम पुसत जिऱ्यापासून लिहिलं. तो दावा दुसऱ्या कोर्टात पाठवा, म्हणून साहेबांनी जिल्हा जजसाहेबांना पत्रही दिलं.

वकिलांची मोठी पंचाईत झाली. पैसे परत मागायचे तर चारचौघांत कारण काय सांगायचं? वर्षभर ते राजन्नाकडून त्या पैशाची साखर नेत होते.

मी माधवरावांना म्हटलं, "आता तरी मानता का?"

"रक्कम लहान होती," माधवराव म्हणाले.

*

मग साहेबांविरुद्ध इंग्रजीत टाईप केलेला निनावी अर्ज गेला. मुन्सफ कर्जात बुडालेत, असा माणूस निकाल विकेल, चौकशी व्हावी. खाली कर्जांची यादी. तो अर्ज वरून साहेबांकडेच खुलाशाला आला.

साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. माधवराव आधीच फाइल घेऊन उभे होते. साहेबांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. यादीतले आकडे मी टाईप केलेल्या कागदातलेच होते.

साहेब आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलायचे, मी आपल्या भाषेत सांगतो. "लिही," ते म्हणाले. "पहिलं कर्ज, खरं आहे. दुसरं, खरं आहे. तिसऱ्याची रक्कम जुनी आहे, आतापर्यंतचं व्याज धरून ती वाढवावी. शिवाय दूधवाल्याचे दोन महिने बाकी आहेत, ते अर्जदाराला माहीत नसावं."

मी लिहून घेतलं अन् उठलो.

"थांब." साहेबांनी अर्ज खिडकीच्या उजेडात धरला. "टाईप करायच्या आधी मशीनचं ई अक्षर साफ कर. त्यात शाई भरली आहे. नाही तर हा अर्ज अन् माझा खुलासा, दोन्ही कागद एकाच मशीनचे दिसतील."

ऑफिसात मशीन एकच होतं. त्यावर मी बसायचो, पण हा अर्ज माझ्या हातचा नव्हता. खोलीची किल्ली माधवरावांकडे असायची.

ई साफ करायला मी टेबलावर टाचणी शोधू लागलो. टाचणी काही सापडेना. माधवरावांनी माझ्याकडे न पाहता खिशातून एक काढली अन् पुढे धरली.